गच्चीवरचा शनी

आमच्या घरात सध्या दुधाच्या पातेल्यावरचं झाकण जागेवर सापडत नाही. सापडलंच तर ते निळं झालेलं असतं. आमटीची वाटी म्हणजे चंद्र, डब्याचं झाकण म्हणजे मंगळ आणि पातेल्यावरचं झाकण म्हणजे शनी, अशी वाटणी झाली आहे. परवा आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, तुझा शनी आण इकडे, दूध झाकायचंय!" साडेसाती म्हणतात ती आईच्या राशीला लागली आहे.

तर मंडळी, त्याचं असं झालं. रात्रीचा एक वाजला होता. सकाळी नऊपर्यंत मला 'वेळेचं नियोजन' या विषयावर आठशे शब्द पाडायचे होते. साठ झाले होते, माझं नाव धरून. अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं. मोबाइल उचलला.

स्क्रीनवर एक माणूस फूटपाथवर उकिडवा बसलेला. पुढ्यात चकचकीत जाड कागद, भोवती स्प्रे पेंटचे डबे, तोंडावर भलाथोरला मास्क. त्याने कागदावर पांढरा, पिवळा, लाल असे फवारे मारले, त्यावर मासिकाचं चुरगळलेलं पान दाबून उचललं आणि रंगावर एक झाकण उपडं ठेवलं. मग सगळा कागद काळा-जांभळा करून टाकला. बोटाला पांढरा रंग लावून टिचकी मारली, तारे शिंपडले गेले. शेवटी झाकण उचललं. खाली ग्रह! ढगांच्या पट्ट्यांसकट! सगळं मिळून पाच मिनिटं. वेळेचं नियोजन म्हणतात ते हेच. मी लेख बाजूला ठेवून तसले अकरा व्हिडिओ पाहिले.

ही कला मेक्सिको सिटीची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या झोना रोसा भागात रुबेन फर्नांडिस नावाचा चित्रकार रस्त्यावर, लोकांच्या देखत अशी चित्रं करायला लागला. 'सादोत' या नावाने तो ओळखला जातो आणि या प्रकाराचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. पुढे जिथे जिथे पर्यटक, तिथल्या फूटपाथवर ही चित्रं पोचली. गॅलरीत जाणारी मंडळी त्यांच्याकडे बघून नाक मुरडतात. म्हणतात, ही कला नव्हे, जादूचे प्रयोग. असतील! मला तरी लहानपणापासून जादूचे प्रयोग आवडतात.

दुसऱ्या दिवशी चिंचवडच्या एका पेंटच्या दुकानात गेले. काळा, पांढरा, निळा, पिवळा आणि लाल, असे पाच स्प्रे मागितले.

"मॅडम, टू-व्हीलरला मारायचाय?"

"नाही, ब्रह्मांड करायचंय."

काकांनी काहीही न बोलता बिल केलं. पुण्याच्या आसपासचा दुकानदार गिऱ्हाइकाच्या खासगी आयुष्यात डोकावत नाही.

एप्रिल २०२५. आमच्या बिल्डिंगची गच्ची, संध्याकाळचे पाच. व्हिडिओत सोपं वाटणारं काहीही प्रत्यक्षात सोपं नसतं, हा धडा मला पहिल्या दहा मिनिटांत मिळाला. ग्रहासाठी रंग मारले. त्यावर चुरगळलेलं पान दाबायचं होतं, तर मी हाताशी असलेलं वर्तमानपत्र घेतलं. ते रंग पिऊन कागदालाच चिकटलं. ओढून काढलं तर ग्रहावर कागदाचा लगदा आणि लगद्यावर अक्षरं, 'वन बीएचके भाड्याने देणे'. परग्रहावर वस्ती असल्याचा याहून ठोस पुरावा नासाकडेही नसेल.

दुसरा धडा वाऱ्याने दिला. काळा फवारा मारला आणि नेमकी झुळूक आली. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या, हे मी पाहिलंच नव्हतं. पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर बारीक काळे ठिपके. उलटी आकाशगंगा! काकूंना मात्र त्यातलं सौंदर्य दिसलं नाही. त्या सगळ्या कुरडया टाकून द्याव्या लागल्या. आईने मला पुढच्या रविवारी काकूंकडे चीक घोटायला पाठवलं. तिथे पाहिलं, की चीक सोऱ्यात भरायची वेळ चुकली की सगळं बिघडतं. स्प्रेचं अगदी तसंच आहे. रंग फार ओला असेल तर पान सरकतं, सुकला तर डिझाइन उमटत नाही. मधली काही सेकंदंच काय ती आपली.

असे चार रविवार गेले. शाईने भरलेला बटाटा दिसावा तसे ग्रह झाले. मग एके दिवशी कसं कोण जाणे, जमलं! क्रम लक्षात आला. आपण चित्र काढताना आधी आकाश रंगवतो आणि मग त्यात चंद्र काढतो. इथे आधी ग्रह, त्यावर झाकण आणि मग आकाश. जे जवळचं ते आधी करून झाकायचं. जे दूरचं ते शेवटी. डाव्या कोपऱ्यात शनीची कोर, उजवीकडे मोठा तांबडा चंद्र, खाली फाडलेल्या कागदाच्या कडेने केलेले डोंगर. शनीची कडी पोस्टकार्डात लंबगोल फट कापून मारलेली. सॉलिड दिसत होतं! मी ते दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी टेकवून ठेवलं आणि कौतुकाची वाट बघत बसले.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. पिंपरीतल्या एका कारखान्यात एकोणचाळीस वर्षं काढून ते २०२५ च्या मार्चमध्ये रिटायर झाले. तेव्हापासून घरातली सगळी घड्याळं उघडून साफ झाली होती, नळांचे वॉशर बदलून झाले होते आणि रोज सकाळी साडेसहाला बाबा आंघोळ करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसत होते. कंपनीची बस येणार असल्यासारखे. आई काही बोलायची नाही. मीही नाही. आमच्या घरात एकमेकांची काळजी करायची पद्धत म्हणजे 'चहा टाकू का' असं विचारायचं.

बाबांनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "या दोघांचे सूर्य वेगळे आहेत का गं?"

"म्हणजे?"

"शनीवर उजेड डावीकडून पडलाय. चंद्रावर उजवीकडून. सूर्य एक ना?"

खरंच की! मग ते उठून जवळ आले आणि माझ्या मास्टरपीसची चिरफाडच सुरू झाली. कोरीच्या आत, ग्रहाच्या अंधाऱ्या भागात, मी दोन तारे शिंपडले होते. तिथे ग्रहच आहे, मग त्याच्या पलीकडचा तारा दिसेल कसा? शनीची सावली कड्यांवर पडायला हवी, ती कुठे आहे? मी जरा चिडलेच. म्हटलं, बाबा, ही कल्पना आहे. कल्पनेत चालतं.

ते म्हणाले, "चालतं. पण ही कोर तू कुठून पाहिलीस?"

त्या रात्री गच्चीवर आमचा क्लास झाला. मोसंबं म्हणजे शनी, मोबाइलचा टॉर्च म्हणजे सूर्य आणि मी पृथ्वी. मी टॉर्चजवळ उभी राहिले, तर मोसंबं जवळजवळ पूर्ण उजळलेलं दिसलं. कशीही फिरले तरी तसंच. पृथ्वीवरून शनीची कोर कधीच दिसत नाही, कारण आपण कायम सूर्याच्या बाजूला असतो. कोर दिसायची तर शनी ओलांडून पुढे जायला हवं आणि मागे वळून बघायला हवं. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉयेजर १ या यानाने नेमकं तेच केलं. शनीजवळून गेल्यावर चार दिवसांनी त्याने मागे वळून फोटो काढला, त्यात शनीची कोर आहे.

"मग चित्र काढताना तू कुठे उभी आहेस?"

"गच्चीवर."

"नाही. शनीच्या पलीकडे."

माझ्या वडिलांना असं बोलता येतं, हे मला अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हतं.

एकदा डोक्यात हा किडा शिरला की तो एकटा राहत नाही, भाऊबंदांना बोलावून घेतो. आधी रुबिक क्यूब आला. एर्नो रुबिक या हंगेरियन वास्तुशिक्षकाने तो १९७४ साली बनवला आणि स्वतःचंच कोडं सोडवायला त्यालाही महिनाभर लागला, हे वाचून मला फार धीर आला. त्याच्या रचना ४३ वर अठरा शून्यं लिहावीत इतक्या होतात. तरीही कुठलाही क्यूब जास्तीत जास्त वीस चालींत सुटतो, हे २०१० साली सिद्ध झालं. माझ्या चाली मी मोजत नाही. मग 'गॅलेक्सी झू'चा नाद लागला. २००७ साली सुरू झालेला हा उपक्रम. खऱ्या दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिकांचे फोटो बघायचे आणि कुठली कशी आहे ते सांगायचं. गोल? चक्राकार? चक्र कुठल्या बाजूला फिरतंय? कुणाही सोम्यागोम्याने करावं असं काम आणि त्यावर शास्त्रज्ञांचे पेपर निघतात. त्यातली एक गंमत मला भारी आवडते. लोकांच्या उत्तरांत घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरणाऱ्या दीर्घिका जास्त निघाल्या. विश्व डावरं आहे की काय? शास्त्रज्ञांनी तेच फोटो आरशात दिसावेत तसे उलटवून दाखवले. तरी उत्तरं तिकडेच झुकलेली! खोट विश्वात नव्हती, बघणाऱ्यांत होती.

आणि आरशाचं नाव निघालंच आहे तर खरी गोष्ट सांगते.

मोसंब्याच्या क्लासनंतर दोन दिवसांनी बाबा स्टूल घेऊन माळ्यावर चढले आणि एक जड गाठोडं घेऊन उतरले. आत १९८६ सालच्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या काचेच्या दोन जाड चकत्या. सहा इंची.

हॅलेचा धूमकेतू १९८६ साली आला तेव्हा बाबा एकवीस वर्षांचे होते. तो बघायला स्वतःच्या हाताने दुर्बीण करायची म्हणून त्यांनी आरसा घासायला घेतला होता. पद्धत ऐकून मला वाटलं ते चेष्टा करताहेत. एक चकती खाली पक्की बसवायची. तिच्यावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकायचं आणि दुसरी चकती वर ठेवून पुढे-मागे घासायची. टेबलाभोवती थोडं थोडं सरकत राहायचं आणि चकतीही फिरवत राहायची. बस्स! तासन् तास. वरची काच आपोआप मधे खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. पूड बारीक बारीक करत न्यायची, शेवटी पॉलिश. कुठलंही मशीन नाही आणि तरी पृष्ठभाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अष्टमांशाइतका अचूक करता येतो. म्हणजे मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एकाहूनही कमी चूक!

बाबांचं घासणं संपत आलं होतं, पॉलिश राहिलं होतं. तेवढ्यात नोकरी लागली. शिफ्ट, ओव्हरटाइम, धाकट्या आत्याचं लग्न, मग स्वतःचं, मग फ्लॅटचे हप्ते, मग मी. धूमकेतू येऊन गेला. चकत्या तीन घरांच्या तीन माळ्यांवर फिरल्या.

"टाकून का नाही दिल्यात?"

"काच आहे. खराब होत नाही."

सध्या आमच्या गच्चीच्या एका कोपऱ्यात पिंप आहे. त्यावर रोज सकाळी साडेसहाला, कंपनीच्या बसच्या वेळी, बाबा आरसा घासतात. इस्त्रीच्या शर्टाऐवजी जुना बनियन घालून. रविवारी त्यांच्या शेजारी माझं स्प्रेचं दुकान लागतं. लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. रंगाचा एक कण जरी काचेवर गेला तर बाबा मला शनीच्या पलीकडेच पाठवतील.

याच काळात मी जॉन डॉब्सनबद्दल वाचलं. हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठातला संन्यासी. मठात राहून चोरून दुर्बिणी बनवायचा, जहाजाच्या खिडक्यांच्या काचा घासून त्यांचे आरसे करायचा. शेवटी १९६७ साली त्याला मठ सोडावा लागला. मग तो दुर्बीण घेऊन फूटपाथवर उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकट चंद्र आणि शनी दाखवू लागला. त्याने शोधलेली लाकडी स्टँडची साधी, स्वस्त रचना आज जगभर 'डॉब्सोनियन' म्हणून ओळखली जाते. मला वाटतं, तो आणि मेक्सिकोचा सादोत एकाच गोत्राचे. दोघांनीही आकाश फूटपाथवर उतरवलं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मी आणि बाबा एका आकाशदर्शनाला गेलो. शहराबाहेरचं माळरान, अंगात स्वेटर, थर्मासमध्ये चहा. रांगेत उभं राहून मी आयुष्यात पहिल्यांदा दुर्बिणीतून खरा शनी पाहिला. आणि काय सांगू, कडी जवळपास नव्हतीच! एक चिमुकला पिवळट मणी आणि त्यातून आरपार गेलेली केसासारखी रेघ. ही कडी पावणेतीन लाख किलोमीटरहून रुंद पसरलेली, पण जाडी बऱ्याच ठिकाणी शंभर मीटरही नाही. दर चौदा-पंधरा वर्षांनी ती आपल्याला अगदी आडवी दिसतात आणि २०२५ हे नेमकं तसलं वर्ष होतं. माझ्या भिंतीवरच्या शनीला केवढी ऐसपैस कडी, आणि खरा असा टाचणीवर खोचलेला. मला हसूच आलं. मग रांगेत पुन्हा उभी राहिले. तीन वेळा.

आता मुद्द्याचं. कॉलेजातली एक मैत्रीण घरी आली होती, सध्या एचआरमध्ये आहे. भिंत बघून म्हणाली, "भन्नाट आहे यार! विकत का नाहीस? पेज काढ, वर्कशॉप घे. वीकेंडचे पाच-सात हजार कुठे गेले नाहीत."

खोटं कशाला बोलू, मी मनात हिशेब केला. फ्रीलान्सर माणूस आहे मी. शब्दाचे पैसे मिळतात, तेही तीन महिन्यांनी. पण मला कपाटातला कॅमेरा आठवला. फोटो काढायचं मला वेड होतं. मग कुणीतरी म्हणालं, साखरपुड्याचे काढशील का? मग लग्नाचे. मग बारशाचे. आता ऑर्डर असली तरच तो कपाटाबाहेर येतो. लिहिण्याचंही जवळपास तेच झालं. जे जे आवडलं ते ते मी कामाला लावलं आणि मग आवडायला काही उरलंच नाही. माझ्यासारखे तुमच्यातही बरेच असतील. क्युबिकलमध्ये बसून एक्सेल भरणाऱ्यालाही एकेकाळी काहीतरी येत होतं. तबला म्हणा, पतंग म्हणा, रेडिओ उघडून बघणं म्हणा.

हो, ठाऊक आहे. या छंदावर मी कॉलम लिहितेय आणि त्याचे पैसे घेणार आहे. सवय जायला वेळ लागतो. पण चित्रं विकणार नाही. एक सोडून. ते काकूंना दिलं, कुरडयांच्या बदल्यात. त्यांनी ते दाराजवळ, गणपतीच्या शेजारी लावलंय. त्यातही तारे चुकलेत, पण त्या घरात कुणी व्हॉयेजरचे फोटो पाहिलेले नाहीत.

या सगळ्यात मला कुणी मार्क देत नाही. अप्रेझल नाही, टार्गेट नाही, 'याचं पुढे काय' हा प्रश्न नाही. अमेरिकन चित्रकार चेस्ली बोनस्टेलने १९४४ साली 'लाइफ' मासिकासाठी टायटन या चंद्रावरून दिसणारा शनी रंगवला, स्वच्छ निळ्या आकाशातला. १९८० साली व्हॉयेजर १ टायटनजवळून गेलं तेव्हा दिसलं, की तिथे सदानकदा नारिंगी धुकं असतं, खालून शनी दिसायचाच नाही. चित्र चुकलं. पण तिकडे जावंसं वाटायला तसली चित्रं कारणी लागली. मग माझे दोन सूर्य काय मोठे!

बाबांचा आरसा अजून झालेला नाही. पॉलिश झालं, पण तपासलं तर कडेला काच जरा जास्त घासली गेली आहे. म्हणजे पुन्हा मागे जायचं. मी विचारलं, "बाबा, हॅले परत कधी येणार?"

"२०६१."

हिशेब दोघांनीही केला. मी चौसष्ट, ते शहाण्णव. क्षणभर दोघंही गप्प. मग त्यांनी पिंपावर पाणी शिंपडलं, काच ठेवली आणि म्हणाले, "मग घाई नाही."

मी विचारलं, "चहा टाकू का?"

करून बघायचंय?

कागद जाड आणि चकचकीत हवा, साध्या ड्रॉइंग पेपरात रंग मुरतो. स्प्रेचा डबा आधी मिनिटभर हलवा, आतली गोळी खळखळली पाहिजे. कागदापासून वीतभर तरी लांब धरा. काम झालं की डबा उलटा धरून क्षणभर फवारा, म्हणजे तोटी तुंबत नाही.

हे काम फक्त उघड्यावर. स्प्रेतून निघणाऱ्या वाफा साधा कापडी मास्क अडवत नाही, एन-९५ सुद्धा नाही. रंगाच्या वाफांसाठी कार्ट्रिजचा मास्क मिळतो, तोच घ्या. आसपास गॅस, उदबत्ती, सिगारेट काहीही नको. आणि कुणाच्या कुरडया नकोत!

पुण्यात खरं आकाश बघायचं तर १९४४ पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था टिळक स्मारक मंदिरात आहे.

ग्रहावरच्या पट्ट्यांसाठी वर्तमानपत्र चालत नाही, गुळगुळीत मासिकाचं पान लागतं. हे पान चालेल. वाचून झालं असेल तर फाडा.